धुराची वही

१

बाना म्पुंदूंच्या पलंगाखालची टिनाची सूटकेस उघडी होती, आणि वही तिच्यात नव्हती.

रविवार होता. नळावरून दोन बादल्या आणून त्यांनी पिंपात ओतल्या होत्या, पुढच्या पायरीवर बसून शेंगा सोलल्या होत्या, आणि त्या दिवसाची नोंद करायला म्हणून त्या निजायच्या खोलीत गेल्या होत्या. सूटकेस खोलीच्या मध्यावर ओढलेली. आतली चितेंगे, कमरेला गुंडाळायची कापडं, पलंगाच्या कठड्यावर एकेक टांगलेली. मागच्या खिडकीला आतून पिळलेली तार सुटून लोंबत होती.

त्या ओरडल्या नाहीत. तीन गल्ल्या ओलांडून फिदेलिस काबासोंच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "काबासो, उठा. मला कुणीतरी पुसून टाकलंय."

काबासो एकाहत्तर वर्षांचे. खाण सरकारची होती तेव्हा खाणीच्या वाचनालयात त्यांनी तेहतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. तिथल्या रहस्यकथांची शेवटची पानं खाणवाले तंबाखू वळायला फाडून नेत, आणि वाचक चडफडत येऊन विचारत, "काबासो, खुनी कोण हो?" मग काबासो आधीची पानं पुन्हा वाचून, विचार करून, खुनी ठरवून देत. असे पन्नासएक खुनी त्यांनी ठरवले असतील. त्यातला एक तरी बरोबर होता की नाही, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. पण वस्तीला वाटे, की हा माणूस हुशार आहे.

"मायो, मी म्हातारा झालोय," ते म्हणाले. वडीलधाऱ्या बाईला वस्तीत सगळे मायो, म्हणजे आई, म्हणत. "पोलीस..."

"पोलिसांच्या जीपमध्ये डिझेल कुणाचं? कंपनीचं. चला तुम्ही."

वहीत काय होतं ते चिसेंगा वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. खाण आता जिची आहे त्या कंपनीच्या भट्टीच्या धुराड्यातून जो पिवळट, घसा कापणारा धूर उतरतो त्याला वस्तीत सेंटा म्हणतात. सहा वर्षं बाना म्पुंदूंनी लिहून ठेवलं होतं, सेंटा कुठल्या दिवशी उतरला, किती वेळ राहिला, कुणाचं मूल कोण पाठीवर बांधून दवाखान्यात पळालं. प्रत्येक नोंदीशेजारी दवाखान्याच्या शिक्क्याची चिठ्ठी डकवलेली. त्रेचाळीस मुलं. त्यांत सगळ्यांत जास्त वेळा एकच नाव होतं, त्यांचा नातू चोला, वय सहा, एकसष्ट वेळा. येत्या गुरुवारी संसदेची समिती वस्तीचं म्हणणं ऐकायला येणार होती, आणि शहरातल्या वकिलीणबाईंनी बजावलं होतं, "मायो, तोंडी बोललेलं हवेत जाईल. शिक्के दाखवा."

काबासोंनी खोली पाहिली. बराच वेळ पाहिली.

"पाण्याला किती वाजता गेलात?"

"चारचा भोंगा झाला की. भोंगा कंपनीचा, नळ कंपनीचा, आम्ही आपले बादलीचे मालक."

"आणि परत?"

"पावणेपाचला. मग इथंच पायरीवर. दारातून उंदीरसुद्धा बाहेर गेला नाही."

"म्हणून तो खिडकीतून गेला. तुम्ही परत आलात तेव्हा तो आत होता, मायो."

बाना म्पुंदूंनी पदर घट्ट धरावा तसं कमरेचं कापड घट्ट धरलं.

काबासो गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखाली हात घालून त्यांनी एक काठी ओढून काढली. बाना म्पुंदूंच्या गेलेल्या नवऱ्याची ती काठी. दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. तिच्या टोकाला निळ्या कापडाचा एक धागा अडकला होता.

"मला मारायला घेतली असेल मेल्यानं," त्या म्हणाल्या.

"मारायला घेतलेल्या काठीला चितेंगेचा धागा कसा लागेल?" काबासो म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, आपण उगाच शहाणपणा करतोय.

२

त्या आठवड्यात वहीची चौकशी करून गेलेले तिघे होते. नगरसेवक एवारिस्तो साम्पा, कंपनीच्या समाज-संपर्क अधिकारी झिंबाबाई, आणि दवाखान्याचा चितुंदू, ज्याने ते सगळे शिक्के मारले होते.

"आणि तुमचा जावई?" काबासोंनी भीत भीत विचारलं.

बाना म्पुंदू त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "लोंबे? तो माझी सावली पाहिली तरी आंब्यामागे पळतो! सात वर्षांत त्याचा चेहरा मी पुढून पाहिलेला नाही. आणि माझ्या निजायच्या खोलीत? काबासो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ते खरंच होतं. जावयाला घरात घेण्याचा समारंभ होईपर्यंत त्याने सासूसमोर यायचं नाही, तिच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही रीत. समारंभ बायकोच्या माहेरच्यांनी करायचा असतो. मुलगी म्पुंदू, जिची आई म्हणून वस्ती त्यांना बाना म्पुंदू म्हणे, तिचं लग्न झालं त्या वर्षी तिचे वडील गेले, मग सेंटाची वही सुरू झाली, आणि आज करू उद्या करू म्हणता म्हणता बाना म्पुंदूंकडून तो राहूनच गेला.

काबासोंनी लोंबेचं नाव मनातून खोडलं आणि ते सोमवारी सकाळी नगरसेवकाच्या दुकानी गेले.

साम्पा गल्ल्यावर बसून कणसं खात होता. त्याच्या पाठीमागे निवडणुकीतली उरलेली चितेंगे रचली होती, प्रत्येकावर त्याचंच तोंड.

"आजोबा! बसा, बसा. वही गेली म्हणे म्हातारीची? वाईट झालं."

"तुम्ही शनिवारी तिच्याकडे गेला होता."

"पिठाचं पोतं द्यायला! माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या उपाशी राहिल्या तर मतं कोण देणार?" तो मोठ्यानं हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, आजोबा. ही चितेंगे कुणी छापली? ते पोतं कुणी भरलं? शाळेचं छप्पर कुणी घातलं? मी? माझी ऐपत एका कोंबडीची. मी सभेत कंपनीविरुद्ध हात वर केला, तर पुढच्या खेपेला कापडावर दुसऱ्याचं तोंड असेल. पण चोरी कशाला करू? वही समितीपुढे गेली तरी समिती जेवणार कुठं? कंपनीच्या क्लबात. मला कशाला घाबरायला होतंय?"

"रविवारी चारला कुठं होता?"

"फुटबॉलच्या मैदानावर, चारशे लोकांसमोर, कंपनीचे चषक वाटत. विचारा कुणालाही."

चितुंदूला गाठायला दवाखान्याच्या मागं जावं लागलं. तो पन्नाशीचा, बारीक, सतत हात पुसणारा माणूस.

"मी नाही घेतली," काबासोंनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "पण गेली हे बरं झालं. मला वरून सांगितलंय, खोकला आला की 'सर्दी' लिहायचं. मी सर्दीच लिहायचो हो. पण त्या बाईंनी एकाच दिवशी आलेल्या अकरा सर्द्या एका पानावर डकवल्या. अकरा! शिक्का माझा. नोकरी कुणाची जाईल?"

"म्हणजे वही नको असायला तुमच्याकडे सगळ्यांत मोठं कारण होतं."

"होतंच की! रविवारी चारला मी तिच्या दाराशी गेलोही होतो." चितुंदूचे हात थांबले. "चिठ्ठ्या परत द्या म्हणून पाया पडायला. हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. पण आजोबा, आत कुणीतरी होतं. काहीतरी हळूच सरकत होतं. थांबून थांबून. पुष्कळ वेळ. मला वाटलं म्हातारी मुद्दाम दार उघडत नाहीय, म्हणून मी घरी गेलो."

"आवाज कसला? पावलांचा?"

"छे. लाकूड टिनावर घासावं तसा."

३

झिंबाबाईंचं कार्यालय म्हणजे काबासोंचं जुनं वाचनालय. कंपनीने खाण घेतली त्या वर्षी पुस्तकं ट्रकमध्ये भरून नेली, ती कुठं गेली कुणी सांगितलं नाही. कपाटांच्या जागी आता हसणाऱ्या मुलांचे फोटो होते. काबासो सवयीने दारात पाय पुसून आत गेले.

"या, आजोबा," झिंबाबाई उठून उभ्या राहिल्या. तिशीच्या, नम्र, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. "वहीबद्दल ऐकलं. आम्हालाही वाईट वाटलं."

"तुम्हाला का वाईट वाटावं?"

"कारण लोक म्हणणार कंपनीनेच चोरली. खरं सांगू? आम्हाला चोरायची गरज नसते. धूर कमी करायचं यंत्र आम्ही मागवलंय, तीन वर्षांत बसेल, असं मंत्र्यांनी स्वतः सभागृहात सांगितलंय. समितीला अजून काय हवं?"

"तीन वर्षांत चोला नऊ वर्षांचा होईल," काबासो पुटपुटले.

"आम्ही मुलांचा विचार करतोच ना! पश्चिमेच्या वसाहतीत, जिकडे धुराचा वारा जात नाही तिकडे, वस्तीतल्या कामगारांसाठी काही घरं काढलीत. बुधवारी एका कुटुंबाला चावी देणार. मूल आजारी आहे हो त्यांचं." त्या थांबल्या, जणू एक वाक्य जास्त बोलल्या. "चहा घेणार?"

काबासोंनी चहा घेतला नाही. बाहेर येऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. चिसेंगाच्या मातीत भाजी उगवत नाही, निवडुंग तेवढा वाढतो. समोरच्या निवडुंगाकडे ते पाहत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात ती खोली परत मांडली गेली.

साध्या चोराला किती वेळ लागला असता? सूटकेस ओढायची, कापडं उपसायची, वही काढायची. दोन मिनिटं. मग हा पाऊण तास आत काय करत होता?

आणि म्हातारी परतल्यावर खिडकी कशाला? वस्तीत कुणीही कुणाच्याही ओसरीत असतं. वही सदऱ्यात खुपसून दारातून बाहेर यायचं, "मायो, तुमचीच वाट पाहत होतो," म्हणायचं आणि निघायचं. साम्पाने तेच केलं असतं. चितुंदूने पाया पडून केलं असतं.

कापडं विस्कटलेली नव्हती, मधोमध उचलून कठड्यावर टाकलेली होती. काठीने. एक एक करून. टिनाच्या सूटकेसमध्ये लाकूड घासत.

कुणीतरी असं होतं ज्याला त्या कापडांना हात लावायचा नव्हता आणि त्या बाईसमोर यायचं नव्हतं. चोरी करतानासुद्धा.

दुसऱ्या कुणी लोंबेवर आळ यावा म्हणून हे रचलं असेल का? काबासोंनी तेही तपासलं. पण रचणारा काठी दिसेल अशी टाकतो, पलंगाखाली सरकवत नाही.

आपलं चुकत असावं, अशी त्यांनी मनापासून इच्छा केली.

४

गेर्शोम लोंबे भट्टीवर कंत्राटी कामगार होता. मंगळवारी पाळी संपवून तो घराच्या मागच्या अंगणात तोंड धूत होता. आत चोला खोकत होता. बारीक, कोरडा, न संपणारा खोकला.

"लोंबे," काबासो म्हणाले, "पश्चिमेच्या घराला खिडक्या किती आहेत?"

लोंबेच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी कुणाला सांगितलं नाही अजून," काबासो म्हणाले. "लोक चोरी करताना रीतभात सोडतात. तुम्ही कापडांना हात लावला नाही, मायोंच्या समोर आला नाहीत. त्यावरूनच कळलं."

लोंबे तांब्या ठेवून खाली बसला. "त्या खोलीत पाऊल टाकलं आणि आधी दारामागची काठी घेतली, आजोबा. तिची कापडं... काठीने सुद्धा उचलवत नव्हती. नळ बंद होऊन ती परत आली आणि मी आत. देवाशपथ सांगतो, तेव्हा तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

"वही दिली?"

"उद्या. चावी मिळेल तेव्हा द्यायची. कायमची नोकरी आणि घर. झिंबाबाईंनी 'चोरा' असं कधी म्हटलं नाही हं. म्हणाल्या, 'कागद हरवतात, लोंबे.' एवढंच." त्याने वर पाहिलं. "मुलाचा श्वास ऐकताय ना? डॉक्टर म्हणतो, जागा बदला. कुठून बदलू? तुम्ही असता तर काय केलं असतं?"

काबासोंना वाचनालय आठवलं. पुस्तकांत खुनी सापडला की गोष्ट संपायची.

"मी मायोंना सांगणार आहे," अखेर ते म्हणाले. "वही त्यांची आहे. ठरवायचं त्यांनी. तोवर ती कुणाला देऊ नका."

५

बाना म्पुंदूंनी सगळं ऐकलं आणि त्या चालू लागल्या. काबासो मागे धावले.

त्या लोंबेच्या अंगणात शिरल्या तसा लोंबे सवयीने उठला आणि भिंतीपलीकडे गेला. न्हाणीची ती छातीएवढी मातीची भिंत. तो पलीकडे उकिडवा बसला, बाना म्पुंदू अलीकडे उभ्या राहिल्या, आणि दोघांच्या मधे, भिंतीच्या टोकाशी, काबासो. जावई-सासूचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून व्हायचं असतं, मग दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असलं तरी.

"विचारा त्याला, वही फाडली तर नाही ना."

"लोंबे, मायो विचारतात..."

"सांगा मायोंना, नाही. पिठाच्या डब्यात आहे."

म्पुंदू दारात आली. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "आई? काय झालं? हे भिंतीमागे का?"

"तू गप्प बस गं. काबासो, विचारा त्याला, घर खरंच आहे का. का नुसतं बोलणं?"

"सांगा मायोंना, मी पाहून आलोय. दोन खोल्या. अंगणात पेरूचं झाड. पेरूला पेरू आहेत, मायो!" लोंबे काबासोंना विसरून थेट बोलला, आणि शरमून गप्प झाला.

 आतला खोकला चालूच होता. बाना म्पुंदूंचे ओठ हलत होते. त्या काहीतरी मोजताहेत, असं काबासोंना वाटलं. काबासोंना मनातून वाटत होतं, की त्यांनी म्हणावं, राहू दे वही, मूल घेऊन जा. कुणी दोष दिला नसता. निदान त्यांनी तरी दिला नसता.

"विचारा त्याला," त्या म्हणाल्या, "त्या दोन खोल्यांत चोलाशिवाय अजून बेचाळीस मुलं मावतील का."

काबासोंनी प्रश्न पुढे पोचवला नाही. गरजच नव्हती.

 मग म्पुंदूला कळलं. ती आत गेली, डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला, आणि ती पिठाने माखलेली वही छातीशी धरून बाहेर आली. आईला वही द्यावी की नवऱ्याला, हे न कळून ती मधेच उभी राहिली.

लोंबे उठला. भिंतीला वळसा घालून आला. मान खाली होती, पण तो आला. त्याने बायकोच्या हातातून वही घेतली, मान वर केली, सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी वही तिच्यापुढे धरली.

"मायो," तो म्हणाला, "मग चोलाचं काय?"

बाना म्पुंदूंनी वही घेतली.  त्या आत गेल्या, नातवाला उचलून पाठीवर घेतलं, कापडाने बांधलं आणि म्हणाल्या, "म्पुंदू, दवाखान्यात चल. चिठ्ठी घ्यायचीय."

६

गुरुवारी समिती कंपनीच्या क्लबात बसली, कारण गावात दुसऱ्या कुठल्या दालनाला जनरेटर नव्हता. साम्पाने स्वागताचं भाषण केलं. झिंबाबाई बाजूच्या खुर्चीत मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. मागच्या व्हरांड्यात कोंबड्या भाजत होत्या, वास आत येत होता.

पश्चिमेच्या घराची चावी बुधवारी कुणाला तरी दुसऱ्यालाच मिळाली होती.

बाना म्पुंदूंना बोलावलं तेव्हा साडेअकरा झाले होते. त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तारीख, धूर, घर, मूल, शिक्का. तारीख, धूर, घर, मूल, शिक्का.

सव्वाबाराला अध्यक्षांनी घसा खाकरला. "मायो, थोडक्यात सारांश सांगितलात तर बरं होईल."

"सांगते, माननीय. सारांश असा, की नऊ मार्चला, सकाळी सहा वाजता..." आणि त्या पुढे वाचू लागल्या.

कुणीतरी हसलं, मग हसणं विरलं. लघुलेखक मुलीने अध्यक्षांकडे पाहिलं, थांबू का म्हणून. अध्यक्ष व्हरांड्याकडे पाहत होते. त्यांनी काहीच सांगितलं नाही, म्हणून ती लिहीत राहिली.

"सोळा मे. चोला लोंबे. ओठ निळे. दवाखान्याने सर्दी लिहिली."

"हे कुणी पाहिलं?" समितीतले एक गृहस्थ कंटाळून म्हणाले. "या मुलाचे आईवडील इथं आहेत का? का सगळं तुम्हीच लिहिलंय?"

दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून गेर्शोम लोंबे उठला. सासू ज्या खोलीत बसली आहे त्या खोलीत तो सकाळपासून बसला होता, आणि सगळ्या वस्तीने ते पाहिलं होतं. त्याच्या अंगात भट्टीवरचा कंपनीचा निळा कोट होता.

"मी बाप," तो म्हणाला. "गेर्शोम लोंबे. भट्टीवर कामाला. आज तरी आहे. ओठ निळे झाले होते, मी पाहिलंय."

काबासो तिसऱ्या रांगेत होते. कागदावर लेखणी घासल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी पाहिलं. लघुलेखक मुलगी लोंबेचं नाव लिहून घेत होती. बाजूच्या खुर्चीत, मांडीवरच्या कागदावर, झिंबाबाईही तेच नाव लिहीत होत्या.

बाना म्पुंदूंनी पान उलटलं.